न दिसणारे परकेपण

स्थलांतरित म्हटला की वेगळी भाषा, वेगळा वर्ण, वेगळा पेहराव आपल्या डोळ्यांसमोर येतो. इंग्लंडात गेलेल्या आयरिश माणसाजवळ यांपैकी काहीच नव्हते. तो इंग्रजी बोलणारा, गौरवर्णीय. त्याचे घर एका रात्रीच्या बोटप्रवासावर. तरीही इंग्लंड व वेल्समधील मृत्युनोंदींच्या अभ्यासांत आयरिश स्थलांतरितांमधील आत्महत्यांचे प्रमाण स्थानिकांपेक्षा अधिक आढळले. असे का व्हावे?

१९५० च्या दशकात सुमारे ४ लाख लोकांनी आयर्लंड सोडले. अनेक तरुणी परिचारिका म्हणून ब्रिटनच्या रुग्णालयांत रुजू झाल्या. पुरुष रस्ते, बोगदे व इमारतींच्या बांधकामावर गेले. काम रोजंदारीचे, बिऱ्हाड भाड्याच्या एका खोलीत. मजुरी बऱ्याचदा मद्यगृहातच हाती पडे. गावाकडचा ओळखीचा आवाज कानी पडण्याची जागा आणि व्यसन जडण्याची जागा अशी एकच झाली. पुढे २१ नोव्हेंबर १९७४ रोजी बर्मिंगहॅममधील बॉम्बस्फोटांत २१ जणांचा बळी गेला, आणि निरपराध आयरिश माणसाकडेही संशयाने पाहिले जाऊ लागले. उच्चारावरून ओळख पटू नये म्हणून कित्येकांनी चारचौघांत गप्प राहणेच पत्करले.

मन मोकळे करावे तर मायदेशीही वाट सोपी नव्हती. आयर्लंडमध्ये १९९३ पर्यंत आत्महत्या हा कायद्याने गुन्हा होता. धर्माच्या दृष्टीने ते पाप होते. घरी पैसे पाठविणाऱ्या मुलाने आपण आतून खचलो आहोत, हे कोणत्या तोंडाने लिहावे? पत्र जाई ते खुशालीचेच.

हे मौन आता सुटू लागले आहे. १९९६ मध्ये लंडन येथे आयरिश स्थलांतरितांसाठी समुपदेशन सेवा सुरू झाली. २००६ मध्ये डब्लिनजवळ ‘पिएटा हाऊस’ ही संस्था उभी राहिली. तिच्या प्रेरणेने २००९ पासून दर मे महिन्यात पहाटेच्या अंधारात निघून उजेडाकडे चालत जाणारी पदयात्रा भरते. देशोदेशीचे आयरिश लोकही आपापल्या गावी त्या पहाटे चालतात.

आपणा डॉक्टरांसाठी यातील बोध स्पष्ट आहे. असा रुग्ण ‘मी निराश आहे’ असे क्वचितच म्हणतो. तो पाठदुखी, निद्रानाश वा वाढलेले मद्यपान घेऊन येतो. अशा वेळी ‘जगणे नकोसे वाटते का?’ असे आपुलकीने, पण सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार मनात रुजत नाही. उलट मनावरचे ओझे हलके होते. नैराश्य हा उपचारांनी बरा होणारा आजार आहे. आपल्या देशात ‘टेली मानस’ची १४४१६ या क्रमांकावरील मोफत सेवा अहोरात्र उपलब्ध आहे.

आपला समाजही मूळ प्रदेशापासून दूर येऊन स्थिरावलेला. आता आपली मुले त्याहून दूर निघाली आहेत. त्यांचा फोन आला की ‘सर्व ठीक ना?’ एवढ्यावर थांबू नये. या प्रश्नाचे उत्तर बहुधा ‘होय’ असेच येते. त्यापुढचा प्रश्न आपण विचारावयास हवा.