नवं पॅनल येणार म्हणून सौर पंप थांबवायचा का? पेरोव्हस्काईट सेल आणि गंजणारी चांदी

मे महिन्यात शहाद्याजवळ मामांकडे गेलो होतो. मामांनी मोबाईल पुढे केला. "तू इंजिनीअर ना? पेरोव्हस्काईट नावाचं स्वस्त पॅनल येतंय म्हणे. मग सौर पंपाचा अर्ज आत्ता भरू की थांबू?" मी पडलो सॉफ्टवेअरवाला. म्हटलं, वाचून सांगतो. जे समजलं ते इथे लिहितोय.

हे पेरोव्हस्काईट काय आहे?

ही स्फटिकांची एक रचना आहे. सोलर सेलसाठी त्यात बहुतेक वेळा शिसं आणि आयोडीन असतं. २००९ मध्ये जपानच्या त्सुतोमू मियासाका यांच्या गटाने असा पहिला सेल बनवला, तेव्हा कार्यक्षमता होती ३.८ टक्के. आज प्रयोगशाळेतले छोटे सेल २६ टक्क्यांच्या पुढे गेलेत. सिलिकॉन वितळवायला १,४०० अंशांहून जास्त उष्णता लागते. इथे द्रावणाचा पातळ थर पसरला की काम होतं, म्हणून ते स्वस्त पडेल अशी आशा आहे.

मग अडतं कुठे?

टिकण्यात. त्याचं एक मोठं कारण म्हणजे वीज बाहेर काढणारा धातूचा थर, म्हणजे इलेक्ट्रोड.

घरातले चांदीचे पैंजण काळे पडतात ना? ते हवेतल्या गंधकाच्या संयुगांमुळे. सेलमध्ये तेच काम आयोडीन करतं. ऊन, ओल आणि उष्णतेने पेरोव्हस्काईट हळूहळू विघटित होतं. सुटलेलं आयोडीन मधल्या पातळ थरातून चांदीपर्यंत पोचतं आणि पिवळसर सिल्व्हर आयोडाइड तयार होतं. त्यातून वीज नीट वाहत नाही.

सिलिकॉन पॅनलवरही चांदीच्याच रेघा असतात. पण तिथे आयोडीन नाही, म्हणून ती पंचवीस वर्षं टिकतात.

मग सोनं वापरलं तर? २०१६ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या संशोधकांनी दाखवलं, की ७० अंश सेल्सिअसला सोन्याचे अणूही मधला थर ओलांडून पेरोव्हस्काईटमध्ये शिरतात आणि सेल बिघडवतात. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, आणि उन्हातलं पॅनल हवेपेक्षा २५-३० अंशांनी जास्त तापतं. म्हणजे ७० अंश ही नंदुरबारची रोजची दुपार झाली!

उपाय काय चाललेत?

धातूऐवजी कार्बनचा इलेक्ट्रोड, मध्ये टिन ऑक्साइडचा अडसर, आणि दोन काचांमध्ये घट्ट सीलबंद सेल. मुंबईत आयआयटीमध्ये सिलिकॉनवर पेरोव्हस्काईटचा सेल ठेवून जवळपास ३० टक्के कार्यक्षमता मिळवली आहे. पण पॅनलला ८५ अंश तापमान आणि ८५ टक्के आर्द्रतेत १,००० तास काढण्याची परीक्षाही द्यावी लागते, आणि त्यानंतर शेतातली वर्षं असतात.

मामांना सांगितलं, थांबू नका, अर्ज भरा. विहिरीत पाणी आहे आणि पपई उभी आहे. उद्या कुणी नवं पॅनल विकायला आला, तर किती टक्के हे नंतर विचारा. आधी विचारा, किती वर्षांची वॉरंटी लेखी देता?