शरदातील नदीकाठ

मराठवाड्याला समुद्र लाभलेला नाही. आपला किनारा म्हणजे नांदेडकडे गोदावरीचा आणि लातूरकडे मांजरेचा काठ. आश्विनात पावसाचा गढूळ लोंढा ओसरतो, पाणी निवळते आणि काठाने जागोजागी ओल्या चिखलाचे पट्टे उघडे पडतात. या चिखलात किडे, अळ्या, लहान शंखशिंपले असतात. हेच पक्ष्यांचे ताट होय.

या ताटाची वाटणी मोठी शिस्तीची असते. शेपटी सतत वरखाली हलविणारा धोबी कोरड्या काठावरचे किडे टिपतो. तुतवार पाण्याच्या अगदी कडेने चालतो. लांब तांबड्या पायांचा शेकाट्या थोडा आत शिरतो, तर कवड्या खंड्या हवेत एका जागी पंख फडफडवीत राहून माशावर सूर मारतो. यांपैकी तुतवार हा उत्तरेकडून येणारा हिवाळी पाहुणा. तिबेट-लडाखकडील चक्रवाक त्याच्यामागून येतो.

नदीसुरय मात्र इथलाच. तो मार्च ते मे या काळात उघड्या वाळूवरच अंडी घालतो. शरदात वर येऊ लागलेले वाळूचे बेट वसंतात त्याचे घर होते. ती वाळू उपसली, किंवा धरणाचे पाणी अवेळी सुटले, की त्या वर्षीची सारी वीण बुडते. तेव्हा नदी जपायची तर पाण्याबरोबर तिचा चिखल आणि तिची वाळूही जपली पाहिजे.