उपचार संपले, पुढे काय?

बँकेतील नोकरीमुळे आम्हाला एक सवय जडली आहे. खाते बंद झाले की शिक्का मारायचा आणि पुढच्या माणसाकडे वळायचे. थोरल्या बहिणीचे स्तनाच्या कर्करोगावरील उपचार पूर्ण झाले तेव्हा आम्ही हेच केले. शस्त्रक्रिया झाली, केमोथेरपी झाली, किरणोपचार संपले. घरी पेढे आणले आणि म्हणालो, "ताई, सुटलीस एकदाची! आता सगळे विसरून जा."

दोन महिन्यांनी एका सकाळी ताई स्वयंपाकघरात भिंतीला टेकून बसलेली दिसली. म्हणाली, "कणीक मळायचेही त्राण नाही रे. तपासणीची तारीख जवळ आली की डोळ्याला डोळा लागत नाही. तुम्ही सगळे म्हणता, बरी झालीस. मग हे सांगू तरी कोणाला?"

या प्रश्नाला आमच्यापाशी उत्तर नव्हते. डॉक्टरांना विचारून आणि वाचून जे समजले, ते समाजबांधवांच्या उपयोगी पडेल म्हणून येथे मांडत आहोत.

स्वतः कर्करोगातून गेलेले अमेरिकन डॉक्टर फिट्झह्यू मुलान यांनी १९८५ मध्ये या आजारानंतरच्या जगण्याचे तीन टप्पे सांगितले. पहिला निदान व उपचारांचा. दुसरा उपचार संपल्यानंतरचा. यात अशक्तपणा असतो आणि आजार उलटण्याची भीती मनात घर करते. तिसरा टप्पा स्थैर्याचा. आपल्याकडे पहिल्या टप्प्यात सारे नातेवाईक धावून येतात. दुसऱ्या टप्प्यात मात्र माणूस एकटा पडतो.

शरीराची काळजी

या काळातील थकवा म्हणजे आळस नव्हे. तो नुसत्या झोपेने जात नाही. प्रथम रक्तातील हिमोग्लोबिन व थायरॉईड तपासून घ्यावे. त्यानंतर उपयोगी पडते ती हालचाल. २०१९ मध्ये तज्ज्ञांनी प्रसिद्ध केलेल्या शिफारशींनुसार आठवड्यातून तीन दिवस, अर्धा-अर्धा तास झपझप चालण्यासारखा व्यायाम केल्यास थकवा, चिंता व उदासीनता कमी होते. सुरुवात दहा मिनिटांनी केली तरी चालेल. २०२५ मध्ये मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या ८८९ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. उपचारांनंतर तीन वर्षे मार्गदर्शनाखाली व्यायाम करणाऱ्यांपैकी आठ वर्षांनी सुमारे ९० टक्के हयात होते. ज्यांना केवळ माहितीपुस्तिका दिली त्यांच्यात हे प्रमाण ८३ टक्के होते. हा निष्कर्ष त्या एका कर्करोगापुरता असला, तरी व्यायामाचे मोल त्यातून कळते.

स्तनाच्या शस्त्रक्रियेत काखेतील गाठी काढल्यास हाताला सूज येऊ शकते. त्यामुळे "त्या हाताने काही उचलू नकोस" असे आम्हीही ताईला बजावत होतो. पण सूज असलेल्या १४१ महिलांच्या २००९ मधील अभ्यासात दिसले, की देखरेखीखाली हळूहळू वजन वाढवत व्यायाम केल्याने सूज वाढली नाही, उलट त्रास कमी झाला. मात्र हे फिजिओथेरपिस्टच्या सल्ल्यानेच करावे.

तंबाखूमुळे आपल्याकडे तोंडाचा कर्करोग फार. उपचारांनंतर जबडा आखडतो, घास जात नाही. आइस्क्रीमच्या काड्या एकावर एक रचून दातांमध्ये धरण्याचा साधा व्यायाम शिकवतात. हळूहळू एकेक काडी वाढवायची. घास नीट जात नाही म्हणून माणूस पंगतीला बसेनासा होतो, लग्नकार्ये टाळतो. म्हणजे दुखणे जबड्याचे, आणि खचते ते मन.

मनाची काळजी

आजार उलटण्याची भीती जवळजवळ प्रत्येकाला वाटते. तपासणीच्या आधी ती वाढते. तो भित्रेपणा नाही. कोणत्या लक्षणांसाठी लगेच यायचे, हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्यावे. मग प्रत्येक ठणक्याला घाबरावे लागत नाही आणि नवी गाठ अंगावरही काढली जात नाही. दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप, भूक, कशातच रस नसेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटावे. केंद्र सरकारने २०२२ मध्ये सुरू केलेल्या टेलि-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावरही मोफत बोलता येते. ज्यांनी हाच आजार भोगला आहे अशांशी बोलल्यानेही मोठा धीर येतो.

घरच्यांनी काय करावे?

"विसरून जा" म्हणू नये. "आज कसे वाटते?" असे विचारावे आणि उत्तर पुरते ऐकावे. तपासणीला सोबत जावे. कामे हातातून काढून न घेता वाटून घ्यावीत.

आता संध्याकाळी आम्ही ताईबरोबर चालायला जातो. कधी ती बोलते, कधी गप्प असते. तपासणीच्या आठवड्यात भीती अजून येतेच. पण ती सांगायला घरात माणूस आहे. आपल्या वस्तीत उपचार संपवून घरी आलेले कोणी असेल, तर बांधवांनो, पेढे जरूर खा. पण दोन महिन्यांनी पुन्हा त्यांच्या दारी जा.