बंदूक केव्हा उचलावी, केव्हा खाली ठेवावी?

बुलडाणा जिल्ह्यातील घाटाखालच्या एका खेड्यात भीमजयंतीच्या मिरवणुकीवरून वाद झाला. वस्तीला धमक्या आल्या. रात्रीच्या बैठकीत एका वृद्धाने आम्हाला विचारले, "सायेब, आमाले बंदुकीचं लायसन भेटन का?"

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. २९ सप्टेंबर २००६ रोजी खैरलांजीत जमाव भोतमांगे कुटुंबावर चालून गेला. चौघांचे मुडदे पडले, तेव्हा मदतीला कोण धावले?

स्वसंरक्षण हा गुन्हा नाही, तो कायद्याने दिलेला हक्क आहे. पूर्वी तो भारतीय दंड संहितेच्या कलम ९६ ते १०६ मध्ये होता. १ जुलै २०२४ पासून तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये आहे. जिवाची किंवा जबर दुखापतीची वाजवी भीती, बलात्काराचा हल्ला, राहत्या घराला लावली जाणारी आग, अशा प्रसंगी हल्लेखोराचा जीव गेला तरी कायदा संरक्षण देतो. दर्शनसिंग विरुद्ध पंजाब राज्य या २०१० च्या निकालात परवान्याच्या बंदुकीतून गोळी झाडणाऱ्याला सर्वोच्च न्यायालयाने निर्दोष सोडले. अंगावर शस्त्र आले असता माणूस बळ मोजूनमापून वापरू शकत नाही, हे न्यायालयाने मान्य केले.

पण मर्यादाही तितक्याच स्पष्ट आहेत. पोलिसांकडे जाण्यास वेळ असेल तर हा हक्क नाही. शिवीगाळीला गोळी हे उत्तर नाही. हल्लेखोर पळाला, धोका संपला, की हक्कही संपला; त्यानंतरची गोळी हा सूड ठरतो. देशी कट्टा बाळगणे तर शस्त्र कायद्याखाली स्वतंत्र गुन्हा आहे. आमच्या तरुणांनी हे कायम लक्षात ठेवावे.

बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत भेद केला आहे. फौजदारी न्यायालयातही प्रश्न शेवटी हाच असतो.

मग त्या वृद्धाला आम्ही काय सांगितले? अत्याचार प्रतिबंधक नियम १९९५ मधील नियम ३ वाचून दाखवला. अत्याचाराची शक्यता असलेले भाग शासनाने निश्चित करावेत. तेथे गरज भासल्यास अनुसूचित जाती-जमातींबाहेरच्या लोकांचे शस्त्रपरवाने रद्द करावेत, बेकायदा शस्त्रे जप्त करावीत आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना परवाने द्यावेत, असे त्यात लिहिले आहे. म्हणजे आमच्या हाती बंदूक देण्याआधी गुंडाच्या हातची काढून घेणे हे शासनाचे काम आहे!

वृद्ध क्षणभर गप्प राहिला. मग म्हणाला, "म्हंजे आधी अर्ज लिहा लागन."

होय, आधी अर्जच. धमकी आली त्याच दिवशी ठाण्यात लेखी तक्रार द्या, पोच घ्या, नियम ३ चा उल्लेख करून जिल्हाधिकाऱ्यांकडे मागणी करा. उद्या वेळ आलीच, तर भीती खरी होती याचा पहिला पुरावा तोच कागद असेल. आणि कागद वेळेवर हलला, तर बंदुकीची वेळच येणार नाही.