ओटीपी कुणाच्या फोनवर येतो?

निगडीची ओटा स्कीम असो, पिंपरीचे मिलिंदनगर असो, की चाकणजवळच्या खराबवाडी-नाणेकरवाडीतल्या भाड्याच्या खोल्या. आपल्या घरात आजारपणाचे सगळे कागद एकाच प्लास्टिकच्या पिशवीत असतात. केसपेपर, रक्ताचे रिपोर्ट, सोनोग्राफी, एक्स-रे, बाळाचे लसीचे कार्ड. खोली बदलली किंवा पावसात पाणी शिरले की आधी हरवते ती हीच पिशवी. मग नव्या डॉक्टरपुढे सगळे पहिल्यापासून, सगळ्या तपासण्या पुन्हा, आणि खर्चही पुन्हा.

आता सरकार म्हणते, ही पिशवी मोबाइलमध्ये ठेवा. आम्ही परिचारिका म्हणून वॉर्डात काम केले आहे. जुना कागद वेळेवर मिळाला तर रुग्णाचे काय वाचते, हे आम्हाला ठाऊक आहे. म्हणून या नव्या सोयीला आमचा विरोध नाही. पण नोंद आपली असेल तर तिची किल्लीही आपल्याच हातात हवी.

आभा म्हणजे पाच लाखांचे कार्ड नव्हे

वस्तीत शिबिर लागते, आधार घेतात, अंगठा किंवा ओटीपी घेतात आणि कार्ड हातात देतात. घरी येऊन ताई सांगतात, "पाच लाखांचे कार्ड झाले." बहुतेक वेळा ते आभा कार्ड असते.

दोन्हींतला फरक लक्षात ठेवा. आभा हा १४ आकडी क्रमांक आहे. आयुष्मान भारत डिजिटल मिशन २७ सप्टेंबर २०२१ पासून देशभर सुरू झाले, त्याचा हा भाग. या क्रमांकाला तुमचे रिपोर्ट जोडता येतात. त्यातून एक रुपयाचाही उपचार मिळत नाही. उपचाराचा खर्च उचलते ते आयुष्मान कार्ड. त्यात वर्षाला एका कुटुंबाला पाच लाखांपर्यंतचे, योजनेत बसणारे रुग्णालयातले उपचार मिळतात. ऐन अॅडमिट व्हायच्या वेळी हा घोळ लक्षात आला तर धावपळ होते, उसनवारी होते. आयुष्मान कार्डाची चौकशी १४५५५ या क्रमांकावर करा, आभाची १४४७७ वर.

आभा ऐच्छिक आहे. ते नाही म्हणून उपचार नाकारता येत नाहीत. काढलेले आभा बंदही करता येते. आणि तुमचे रिपोर्ट दुसऱ्या दवाखान्याला दाखवायचे तर तुमची संमती लागते.

संमती कोण देतो?

ही संमती मोबाइलवरून दिली जाते. इथेच आपल्या बायाबापड्यांची अडचण आहे. घरात चांगला फोन एकच, तो नवऱ्याच्या खिशात. कामावर लागताना नंबर दिला तो ठेकेदाराच्या सुपरवायझरचा. मग ओटीपी जातो त्याच्याकडे. बाईचा गर्भपात, गुप्तरोग, एचआयव्ही, मानसिक आजार, टीबी, यातले काय कुणाला कळावे हे तिने ठरवायचे, की ज्याच्या हातात फोन आहे त्याने?

म्हणून साधा नियम करा. आभा काढताना नंबर स्वतःचा द्या. नसेल तर अगदी विश्वासाच्या माणसाचा, आणि त्याच्याशी आधी बोलून. ठेकेदाराचा, एजंटाचा, शिबिरवाल्याचा नंबर कधीही देऊ नका. फोनवर कुणी ओटीपी मागितला तर सांगू नका.

ईएसआयचा क्रमांक एकच

चाकण-भोसरीच्या कंत्राटी कामगारांसाठी आणखी एक नोंद फार महत्त्वाची आहे, ती ईएसआयची. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. त्याच काळात प्रा. बी. पी. अडारकर यांनी कामगारांच्या आरोग्य विम्याचा अहवाल तयार केला आणि पुढे १९४८ चा कायदा झाला. तो हक्क आज कॉम्प्युटरवरच्या एका क्रमांकात आहे.

पगार महिना २१ हजारांपर्यंत असेल तर पगारातून पाऊण टक्का कापला जातो आणि मालक सव्वातीन टक्के भरतो. कंपनी बदलली, ठेकेदार बदलला तरी क्रमांक तोच राहायला हवा. पण नवा ठेकेदार पुष्कळदा नवाच क्रमांक काढतो. याची किंमत बाळंतपणात कळते. २६ आठवड्यांच्या प्रसूती लाभासाठी आधीच्या दोन वर्गणी काळांत मिळून किमान ७० दिवसांची वर्गणी लागते. दिवस दोन क्रमांकांत विभागले गेले, तर काम केलेल्या बाईचेही दिवस कमी भरतात. म्हणून जुना क्रमांक नव्या ठेकेदाराला पहिल्याच दिवशी लेखी द्या. घरच्यांची नावे त्यात आहेत का ते पाहा. ठेकेदाराने वर्गणी भरली नाही तर कायद्याने मूळ कंपनी जबाबदार असते, हेही माहीत असू द्या.

यंत्राला आपले काम माहीत नसते

आता टीबी शोधायला हातात धरून नेता येईल असे एक्स-रे मशीन येते आणि फोटो कॉम्प्युटर वाचतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये १५ वर्षांवरील व्यक्तींच्या टीबी तपासणीसाठी या पद्धतीला मान्यता दिली. वस्तीत येऊन तपासणी होते, हे चांगलेच आहे.

पण भोसरीच्या फाउंड्रीत वाळूच्या साच्यांची धूळ वर्षानुवर्षे छातीत घेतलेल्या माणसाला सिलिकोसिस होऊ शकतो. त्याचा एक्स-रे टीबीसारखा दिसू शकतो, आणि सिलिकोसिस झालेल्याला टीबीचा धोकाही जास्त असतो. यंत्र फोटो वाचते. तुम्ही फाउंड्रीत किती वर्षे होता हे त्याला कुणी सांगितल्याशिवाय कळत नाही. म्हणून कॉम्प्युटरने शंका दाखवली तर थुंकीची ट्रूनॅट किंवा सीबीनॅट तपासणी मागा, आणि काय काम केले, किती वर्षे केले, हे केसपेपरवर लिहून घ्या.

यंत्र निःपक्षपाती असते, हा समजही सोडू या. कोरोनात बोटाला लावायचे ऑक्सिमीटर आपण सगळ्यांनी पाहिले. अमेरिकेत २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले की काळ्या रुग्णांच्या रक्तातला ऑक्सिजन धोकादायक कमी असूनही ऑक्सिमीटरने तो ठीक दाखवण्याचे प्रमाण गोऱ्या रुग्णांच्या जवळजवळ तिप्पट होते. कातडीचा रंग गडद असला की आकडा फसवू शकतो. आपल्यालाही हे लागू आहे. आकडा ९६ आहे, पण दम लागतो आहे, ओठ निळे पडले आहेत, तर आकडा बाजूला ठेवा आणि दवाखाना गाठा.

विहारात एक तास

हे सगळे एकट्याने जमणार नाही. आमची सूचना अशी: महिन्यातून एका रविवारी वंदनेनंतर विहारात एक तास बसायचे. मोबाइल येणाऱ्या मुला-मुलींनी मदत करायची; ओटीपी मात्र ज्याचा त्यानेच टाकायचा. त्या तासात एवढे करा:

१. प्रत्येक घरात एक वही. त्यात रक्तगट, चालू औषधे, अॅलर्जी, झालेली ऑपरेशने, कामाचे ठिकाण आणि वर्षे.

२. आभा, आयुष्मान आणि ईएसआयचे क्रमांक वहीत. प्रत्येकापुढे कोणता मोबाइल जोडला आहे तेही.

३. कागदांचे फोटो काढा, पण मूळ कागद टाकू नका. मोबाइल फुटतो, रिचार्ज संपतो.

४. ई-संजीवनीवर मोफत डॉक्टरसल्ला कसा घ्यायचा ते करून पाहा. मात्र छातीत दुखणे, फिट, रक्तस्राव, गरोदरपणात डोके दुखून डोळ्यापुढे अंधारी, यासाठी फोनवर बसू नका. थेट रुग्णालयात जा.

५. मन खचले असेल, मरणाचे विचार येत असतील तर टेलिमानस, १४४१६. फोन मोफत आहे.

पिढ्यान्‌पिढ्या आपल्या आजारांची नोंद कुणी ठेवली नाही. आता ठेवली जाते आहे, तर ती खरी असावी, पुरी असावी आणि तिची किल्ली आपल्या हाती असावी. येत्या रविवारी सुरुवात करू या. जय भीम.