कर आणि दंड : अमेरिकेंतील मादकद्रव्य-नियंत्रण खात्याची उत्पत्ति व परिणति

एखाद्या सरकारी खात्याचा इतिहास लिहावयाचा तर त्याच्या स्थापनेच्या हुकुमापासून आरंभ करण्याची रीति आहे. अमेरिकेंतील संयुक्त संस्थानांच्या ‘ड्रग एन्फोर्समेंट अ‍ॅडमिनिस्ट्रेशन’ ह्या मध्यवर्ती खात्यास ही रीति लावली, तर तें इ. स. १९७३ च्या जुलै महिन्याच्या १ ल्या तारखेस जन्मास आलें, असें सांगून मोकळें होतां येईल. परंतु तेवढ्यानें त्या खात्याचा स्वभाव उलगडत नाहीं. आज ज्याच्या हातीं शस्त्रें आहेत, धरपकडीचा अधिकार आहे आणि परदेशांतही ज्याच्या कचेऱ्या आहेत, त्या खात्याचें मूळ पोलिसांच्या चौकींत नसून करवसुलीच्या कचेरींत आहे. तें तेथें कां सांपडतें, तेथून बाहेर पडण्यास अर्धशतकाहून अधिक काळ कां लागला, आणि ह्या उगमाचा डॉक्टर व रोगी यांच्यावर काय परिणाम झाला, हें दाखविणें एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

(१) घटनेची अडचण

अमेरिकेची राज्यघटना मध्यवर्ती सरकारास मोजकेच अधिकार देते. कर बसविणें, परराष्ट्रांशीं तह करणें, परदेशांशीं व राज्याराज्यांमधील व्यापारावर नियंत्रण ठेवणें हे त्यांपैकीं प्रमुख होत. प्रजेचें आरोग्य, नीति व सुव्यवस्था यांचें रक्षण करण्याचा सर्वसाधारण अधिकार मात्र घटक राज्यांकडे राहिला. त्यामुळें अफूविरुद्धचे पहिले निर्बंध स्थानिक स्वरूपाचे दिसतात. सॅन फ्रॅन्सिस्को शहरानें इ. स. १८७५ मध्यें अफूच्या अड्ड्यांस बंदी केली, आणि तिचा रोख मुख्यतः तेथील चिनी वस्तीवर होता. मध्यवर्ती सरकारनें १९०६ सालीं अन्न व औषधें यांच्या शुद्धतेचा कायदा केला. परंतु त्यानेंही औषधांत अफू, मॉर्फिन किंवा कोकेन असल्यास बाटलीवरील चिठ्ठींत तसें लिहावें, एवढेंच सांगितलें.

ह्या प्रश्नास गति मिळाली ती देशाबाहेरून. इ. स. १८९८ च्या युद्धानंतर फिलिपाइन्स बेटें स्पेनकडून अमेरिकेच्या ताब्यांत आलीं. तेथें स्पॅनिश सरकार अफूच्या मक्त्यापासून उत्पन्न घेत असे. तें उत्पन्न नव्या राज्यकर्त्यांनीं चालूं ठेवावें कीं बंद करावें, असा वाद पडला, आणि १९०८ सालापासून त्या बेटांत वैद्यकीय उपयोगावांचून अफू पूर्णपणें बंद झाली. तेथील बिशप चार्ल्स ब्रेंट हे पुढें १९०९ सालीं शांघाय येथें भरलेल्या आंतरराष्ट्रीय अफू-मंडळाचे अध्यक्ष झाले. २३ जानेवारी १९१२ रोजीं हेग येथें अफूविषयक आंतरराष्ट्रीय करारावर सह्या झाल्या. आतां जगास उपदेश करणाऱ्या अमेरिकेच्या स्वतःच्या घरीं कायदा नाहीं, ही विसंगति उघडी पडली. कायदा तर करावयाचा, पण बंदी घालण्याचा उघड अधिकार नाहीं. अशा पेचांत विधिमंडळानें कराचा आश्रय घेतला.

(२) हॅरिसन कायदा

हा कायदा १७ डिसेंबर १९१४ रोजीं मंजूर होऊन १ मार्च १९१५ पासून अंमलांत आला. अफू किंवा कोकाचें पान आणि त्यांपासून काढलेले पदार्थ यांचा व्यवहार करणाऱ्या प्रत्येकानें करवसुली-अधिकाऱ्याकडे नांव नोंदवावें, वर्षास १ डॉलर कर भरावा, खरेदीविक्री सरकारी नमुन्यांवरच करावी व तिची नोंद ठेवावी, असें त्यांत सांगितलें आहे. डॉक्टरांनीं केवळ आपल्या व्यवसायाच्या ओघांत रोग्यास दिलेल्या औषधास सवलत ठेवली होती. वरवर पाहतां हा हिशेबाचा कायदा होता. वर्षास एक डॉलर घेऊन तिजोरी भरत नाहीं हें कायदा करणारांसही ठाऊक होतें. उत्पन्न हा त्याचा हेतुच नव्हता.

आमच्या वाचकांस येथें एक विरोध सहज जाणवेल. शिंदे-होळकरांच्या माळव्यांत पिकणारी अफू मुंबई बंदरांतून चीनकडे जात असे, आणि तिच्या प्रत्येक पेटीवर परवान्याची जबर फी बसवून कंपनी सरकारनें अमाप पैसा मिळविला. तेथें व्यापार चालावा म्हणून कर होता. अमेरिकेंत व्यापार आटावा म्हणून कर आला. राजानें मादक पदार्थांवर अध्यक्ष नेमावा ही कल्पना आपल्याकडे फार जुनी आहे. कौटिलीय अर्थशास्त्राच्या अध्यक्षप्रचार नामक अधिकरणांत शुल्काध्यक्ष, सूत्राध्यक्ष व सीताध्यक्ष यांच्याच मालिकेंत सुराध्यक्ष येतो. परंतु कौटिल्याचा सुराध्यक्ष उत्पन्नही घेतो, नियमनही करतो, आणि दोन्ही कामें उघडपणें करतो. अमेरिकेंतील अध्यक्षास मात्र हातीं कर धरून दंडाचें काम करावें लागलें.

(३) न्यायालय, डॉक्टर व रोगी

ही योजना घटनेस धरून आहे काय, हा प्रश्न सुप्रीम कोर्टापुढें आला. ३ मार्च १९१९ रोजीं त्या कोर्टानें दोन निकाल दिले, आणि दोन्ही पांच विरुद्ध चार अशा मतांनीं झाले. डोरेमस खटल्यांत सॅन अँटोनिओ येथील एका डॉक्टरवर हेरॉइनच्या ५०० गोळ्या सरकारी नमुन्यावांचून दिल्याचा आरोप होता. त्यांत कायदा कराच्या अधिकारांत बसतो असें ठरलें. वेब खटल्यांत याहून सूक्ष्म प्रश्न होता : व्यसनी मनुष्याचें व्यसन न सोडवितां त्यास केवळ नेहमीची मात्रा मिळावी म्हणून डॉक्टरनें लिहून दिलेली चिठ्ठी ही औषधाची चिठ्ठी होय काय? कोर्टानें ‘नव्हे’ असें उत्तर दिलें.

ह्या एका उत्तरानें कराच्या कायद्याचें रूप पालटलें. वैद्यकी म्हणजे काय हें ठरविण्याचा अधिकार करवसुली खात्याच्या हातीं आला. व्यसनी लोकांस नियमित मात्रा देणारे दवाखाने सुमारे त्याच काळांत कित्येक शहरांत निघाले होते. ते पुढील चार वर्षांत सरकारच्या दडपणानें बंद पडले. लुइझियाना राज्यांतील श्रीव्हपोर्ट येथील दवाखाना १९२३ सालीं बंद झाला. दवाखाना मिटला म्हणून व्यसन मिटलें नाहीं. रोगी चोरट्या बाजाराकडे वळला आणि कायद्याच्या दृष्टीनें गुन्हेगार झाला.

१९२५ सालीं त्याच कोर्टानें लिंडर खटल्यांत निराळा सूर काढला. वॉशिंग्टन राज्यांतील स्पोकेन येथील ह्या डॉक्टरनें मॉर्फिनची एक व कोकेनच्या तीन गोळ्या एका बाईस दिल्या होत्या, आणि ती बाई सरकारची खबरी होती. व्यसनी मनुष्य हा रोगी असून उपचारास पात्र आहे, आणि कराचा कायदा डॉक्टरच्या सद्बुद्धीनें केलेल्या उपचारास गुन्हा ठरवूं शकत नाहीं, असा एकमतानें निकाल झाला. परंतु खात्याच्या वागणुकींत त्यानें फारसा फरक पडला नाहीं. चार गोळ्यांसाठीं खटला होऊं शकतो हें सर्व डॉक्टरांनीं पाहिलें होतें, आणि निकालापेक्षां खटल्याचाच धाक अधिक राहिला.

(४) स्वतंत्र ब्यूरो व गांजाचा कर

इ. स. १९२० मध्यें दारूबंदी अंमलांत आली, तेव्हां अफू-कोकेनचें काम त्याच करवसुली खात्यांतील दारूबंदी विभागाकडे गेलें. तेथील मादकद्रव्य शाखेचे प्रमुख लेव्ही नट यांच्या आप्तांचा न्यूयॉर्कमधील एका कुप्रसिद्ध जुगारी पुढाऱ्याशीं व्यवहार असल्याचें उघडकीस आल्यावर ती शाखा मोडली, आणि १ जुलै १९३० रोजीं ‘फेडरल ब्यूरो ऑफ नार्कोटिक्स’ हें स्वतंत्र खातें निघालें. हेंही तिजोरी खात्यांतच राहिलें, कारण पाया कराचाच होता. त्याचे कमिशनर हॅरी अ‍ॅन्स्लिंगर यांनीं हें पद १९६२ पर्यंत, म्हणजे ३२ वर्षें, सांभाळलें.

१९३७ सालीं गांजाविरुद्ध कायदा झाला तोही कराचा. नोंदलेल्या इसमास गांजा देतांना औंसास १ डॉलर आणि न नोंदलेल्यास देतांना औंसास १०० डॉलर, असा तो कर होता. दुसरा दर कोणी भरावा म्हणून नव्हताच. तो भरणें अशक्य व्हावें म्हणून होता. अमेरिकन मेडिकल असोसिएशनतर्फे डॉ. विल्यम वुडवर्ड यांनीं विधिमंडळाच्या समितीपुढें ह्या कायद्यास विरोध केला, तो व्यर्थ गेला. ह्याच वनस्पतीविषयीं हिंदुस्थान सरकारनें १८९३-९४ मध्यें नेमलेल्या कमिशननें मुंबई इलाख्यासह देशभर साक्षी घेतल्या होत्या. बेताच्या सेवनापासून विशेष अपाय होत नाहीं, म्हणून सरसकट बंदी न घालतां कर व परवाने यांनीं नियमन करावें, असा अभिप्राय त्यानें सात भागांच्या अहवालांत दिला. तेथील ‘कर’ हा शब्द आणि अमेरिकेंतील ‘कर’ हा शब्द एकच, पण अर्थ परस्परविरुद्ध. आपल्या भाषेंत कर म्हणजे हातही होय. देणाऱ्याचा हात आणि गळा दाबणाऱ्याचा हात यांचें नांव एकच असतें, हें इतिहास वाचतांना विसरतां नये.

(५) तिजोरी खात्यांतून न्यायखात्यांत

ही जुनी इमारत १९६० नंतर ढासळूं लागली. १९६२ सालीं रॉबिन्सन खटल्यांत, केवळ व्यसनी असणें हा गुन्हा ठरवितां येत नाहीं, असें सुप्रीम कोर्टानें म्हटलें. गुंगीच्या व उत्तेजक गोळ्यांसाठीं १९६६ सालीं आरोग्य खात्यांत एक निराळा ब्यूरो निघाला, आणि एकाच कामास दोन धनी झाले. त्यांतच जुन्या ब्यूरोच्या न्यूयॉर्क कचेरींतील लाचलुचपत बाहेर आली. एप्रिल १९६८ मध्यें अध्यक्ष जॉन्सन यांच्या योजनेप्रमाणें दोन्ही ब्यूरो एकत्र करून न्यायखात्याकडे दिले गेले. पुढील वर्षीं लिअरी खटल्यांत गांजाच्या करासंबंधींचें कलमच कोर्टानें निरुपयोगी केलें : कर भरण्यास जाणें म्हणजे राज्याच्या कायद्याखालील आपला गुन्हा आपल्याच तोंडानें कबूल करणें होय, आणि तशी सक्ती घटना करूं देत नाहीं.

तेव्हां विधिमंडळानें करांचा पडदा टाकून दिला. २७ ऑक्टोबर १९७० च्या कायद्यानें सर्व मादक द्रव्यें पांच अनुसूचींत वांटलीं. आधार घेतला तो राज्याराज्यांमधील व्यापाराच्या नियंत्रणाचा. १९७२ सालीं अध्यक्ष निक्सन यांनीं आणखी दोन कचेऱ्या निर्माण केल्या, आणि सीमेवरील तपासावरून कस्टम्स खात्याशीं तंटा चालूंच होता. ह्या सर्वांची मोट बांधून १९७३ चें नवें खातें झालें. आरंभीं त्यांत १,४७० तपास-अधिकारी होते व अंदाजपत्रक साडेसात कोटी डॉलरांहून कमी होतें. पहिले प्रमुख जॉन बार्टल्स हे होत.

हद्दीचा प्रश्न मात्र संपला नाहीं, विस्तारला. १९८५ सालीं मेक्सिकोंतील ग्वादालाहारा येथें खात्याचे अधिकारी एन्रिके कामारेना यांस पळवून नेऊन ठार मारण्यांत आलें. त्या प्रकरणांत संशयित असलेल्या एका मेक्सिकन डॉक्टरास १९९० सालीं खात्याच्या प्रेरणेनें पळवून अमेरिकेंत आणलें. असें आणल्यामुळें खटल्यास बाध येत नाहीं, असा सुप्रीम कोर्टानें १९९२ मध्यें निकाल दिला. परंतु त्याच वर्षीं पुराव्याच्या अभावीं तो डॉक्टर निर्दोष सुटला.

(६) वहिवाटीचें ओझें

खात्याचें दुसरें अंग परवान्यांचें, म्हणजे जुन्या हॅरिसन कायद्याचें. तें अद्यापि जिवंत आहे आणि आपल्या देशाशीं त्याचा प्रत्यक्ष संबंध येतो. औषधांसाठीं आयात होणाऱ्या अफूजन्य कच्च्या मालापैकीं किमान शेंकडा ८० भाग हिंदुस्थान व तुर्कस्थान यांजकडून घ्यावा, असा नियम ह्या खात्यानें १९८१ सालीं केला. मंदसोर, नीमच, रतलाम ह्या जुन्या मराठी अंमलांतील भागांत बोंडांस चिरे पाडून काढलेल्या चिकाचा भाव अशा रीतीनें वॉशिंग्टनच्या नियमाशीं जोडला गेला.

औषधांचें वार्षिक उत्पादन किती व्हावें हेंही हेंच खातें ठरवितें. ऑक्सिकोडोन ह्या वेदनाशामकाची मर्यादा २००२ ते २०१३ ह्या काळांत चौपटीहून अधिक वाढविली गेली, आणि त्याच काळांत अशा गोळ्यांच्या व्यसनानें माणसें मरत होतीं. न्यायखात्याच्याच तपासनीसानें २०१९ च्या अहवालांत, खातें वेळेवर जागें झालें नाहीं, असा ठपका ठेवला. चार गोळ्या देणाऱ्या डॉक्टरावर खटला भरणाऱ्या परंपरेस परवानाधारक कारखान्यांतून निघणाऱ्या गोळ्यांचा पूर दिसला नाहीं. ज्याचे कागद बिनचूक तो निर्दोष, ही करवसुलीची दृष्टि होय. आणि आमच्या मतें ती घर बदलल्यावरही खात्याबरोबर आली.

डॉक्टरांचा मूळ प्रश्न सावकाश सुटत गेला. २००० च्या कायद्यानें खास परवाना घेतलेल्या डॉक्टरांस व्यसनी रोग्यावर आपल्याच दवाखान्यांत ब्यूप्रेनॉर्फिनसारख्या औषधाचे उपचार करण्याची मोकळीक दिली, आणि डिसेंबर २०२२ च्या कायद्यानें त्या खास परवान्याची अटही काढली. दरम्यान २००६ सालीं सुप्रीम कोर्टानें ऑरेगन राज्याच्या खटल्यांत, कोणता उपचार वैद्यकी होय हें मध्यवर्ती सरकारच्या अ‍ॅटर्नी जनरलनें एकट्यानें ठरवूं नये, असें सांगितलें. १९१९ मध्यें जें डॉक्टरांच्या हातून गेलें होतें, त्यांतील कांहीं भाग ८७ वर्षांनीं परत आला.

ह्या इतिहासापासून अभ्यासकानें घ्यावयाचा बोध असा : खात्याच्या नांवावरून त्याचें काम ठरवूं नये. तें कोणाच्या दप्तरांत निघालें, घटनेच्या कोणत्या कलमाच्या आधारें उभें राहिलें, आणि त्या आधाराची ओढाताण कोणाच्या अंगावर आली, हीं तीन स्थानें तपासावीं. अमेरिकेंतील ह्या खात्याच्या बाबतींत तिसऱ्या प्रश्नाचें उत्तर स्पष्ट आहे. कायद्यानें मनांतील हेतु कराच्या शब्दांआड ठेवला, तेव्हां त्या दोहोंमधील अंतराची किंमत तिजोरीनें नव्हे, तर डॉक्टरच्या दारांतून परत फिरलेल्या रोग्यानें भरली.