पाटीबरोबर सायकल

तामिळनाडूतला पुदुक्कोट्टई हा कोरडवाहू जिल्हा. तळ्यांच्या पाण्यावर शेती. ती हातची गेली की दगडखाणीत खडी फोडायची. १९४८ पर्यंत हे संस्थान होतं. देशातल्या सुरुवातीच्या महिला डॉक्टरांपैकी मुथुलक्ष्मी रेड्डी इथल्याच. पण खडी फोडणाऱ्या बाईपर्यंत पाटी-पेन्सिल पोचायला १९९१ साल उजाडलं.

त्या वर्षी ‘अरिवोळी इयक्कम’, म्हणजे ज्ञानप्रकाशाची चळवळ, इथे सुरू झाली. आदल्याच वर्षी केरळातला एर्नाकुलम देशातला पहिला पूर्ण साक्षर जिल्हा ठरला होता आणि ठिकठिकाणी तशाच मोहिमा निघत होत्या. बिनपगारी स्वयंसेवक, कामं आटोपल्यावर भरणारे वर्ग, पथनाट्यं, गाणी हे सगळं इथेही होतं. वेगळी होती ती सायकल. जिल्हाधिकारी शीला रानी चुंकत यांनी बायांचं सायकल शिकणं साक्षरतेच्या मोहिमेतच घातलं. मला हा निर्णय फार शहाणपणाचा वाटतो. अंगठ्याच्या जागी सही आली, तरी बाजाराला जायला नवऱ्याची नाही तर बसची वाट बघणं काही सुटत नाही. शिवाय गावोगाव फिरून शिकवणाऱ्या कार्यकर्त्या तरी जाणार कशा?

बाई सायकलवर दिसल्यावर गावातले टवाळ काय बोलले असतील ते लिहायला नको. बायांनी ते ऐकून सोडून दिलं. सायकल शिकण्यावर गाणी रचली गेली. शेतमजूर, खाणीतल्या मजूर, अंगणवाडीच्या बाया, शिक्षिका, सगळ्या पायडल मारू लागल्या. लेडीज सायकली दुकानात पुरेनात, तेव्हा पुरुषांच्या घेतल्या, आणि कित्येकींना त्याच जास्त आवडल्या: पुढच्या दांडीवर पोर बसवता येतं! पाणी आणायचं, माल बाजारात न्यायचा, पोरांना सोडायचं, सगळं एकाच फेरीत. १९९२ च्या महिला दिनापासून चळवळीने भरवलेल्या स्पर्धा-मेळाव्यांत ७०,००० हून जास्त बायांनी सायकल चालवून दाखवली.

याच काळात काही दगडखाणी ठेकेदारांऐवजी मजूर बायांच्या गटांना चालवायला मिळाल्या. मग हिशेब शिकणं ही वर्गातली गोष्ट राहिली नाही. किती माल निघाला, किती पैसे आले, हे गटातल्या बाईला स्वतःच बघायचं होतं. ठेकेदारांना हे रुचणार नव्हतंच.

पत्रकार पी. साईनाथ १९९५ मध्ये इथे पुन्हा आले, तेव्हा साक्षरता मोहिमेचे भराचे दिवस सरले होते. सायकलचं वेड मात्र तसंच होतं. शिकायची तयारी असलेल्या बाया होत्या, सायकली नव्हत्या: एका सायकलची किंमत तेव्हा सुमारे १,४०० रुपये, आणि तेवढे पैसे एकरकमी काढणं बहुतेकींना शक्य नव्हतं.